गॅरेजच्या सॉफ्टवेअरसाठी डोंगल घ्यावा की ऑनलाइन लायसन्स?

गाडीदुरुस्तीच्या सॉफ्टवेअरचे लायसन्स यूएसबी डोंगलवर, म्हणजे संगणकाला लावायच्या किल्लीवजा छोट्या उपकरणावर घ्यावे, की इंटरनेटवरून सक्रिय होऊन एकाच संगणकाला जखडले जाणारे घ्यावे, असा प्रश्न सध्या अनेक गॅरेजमालकांपुढे आहे. कुर्ल्यातल्या माझ्या गॅरेजात मी दोन्ही प्रकार वापरले आहेत.

ऑनलाइन लायसन्सची बाजू लंगडी नाही. त्यात हरवण्यासारखे काही नसते, उलट डोंगल हरवला तर अनेकदा नव्या लायसन्सचे पैसे मोजावे लागतात. घरून रिमोट डेस्कटॉपने सॉफ्टवेअर उघडू पाहिल्यास काही डोंगल साफ नकार देतात, हेही खरे.

माझ्या मनाचा कौल मात्र एका त्रासाने ठरला. ऑनलाइन लायसन्स संगणकाची ओळख बहुधा हार्ड डिस्क आणि मदरबोर्ड यांवरून पटवते. गॅरेजातला लॅपटॉप धूळ, धक्के आणि पावसाळ्यातला दमटपणा सोसतो, त्यामुळे कधी ना कधी लॅमिंग्टन रोडवर जाऊन त्याची डिस्क बदलून आणावी लागते, आणि ती बदलताच सॉफ्टवेअरच्या लेखी तो लॅपटॉप परका ठरतो. मग गाडी लिफ्टवर, गिऱ्हाईक दारात आणि आपण विक्रेत्याच्या उत्तराची वाट पाहत बसलेलो. त्या वेळात स्वतः तपासून पाहण्याजोगे आपल्याकडे काहीच नसते.

डोंगलही रुसतो, पण त्याचा माग काढता येतो. सेंटिनेल या बनावटीचा डोंगल लावल्यावर ‘एच०००७’, म्हणजे ‘डोंगल सापडला नाही’, असा संदेश पडद्यावर आला, तर मी आधी त्याचा दिवा पाहतो. दिवा बंद असेल तर मधला यूएसबी हब, म्हणजे एका पोर्टचे अनेक करणारा जोड, काढून डोंगल थेट लॅपटॉपच्या पोर्टमध्ये लावावा आणि तरीही पेटला नाही तर ड्रायव्हरकडे, म्हणजे डोंगलची संगणकाशी ओळख करून देणाऱ्या सॉफ्टवेअरकडे वळावे. दिवा लागूनही तक्रार कायम असेल, तर ब्राउझरमध्ये ‘localhost:1947’ हा पत्ता टाकून त्याच लॅपटॉपवरचे सेंटिनेलचे पान उघडावे. पानच उघडले नाही, तर सेंटिनेलची लायसन्स मॅनेजर सेवा बंद पडलेली असण्याची किंवा फायरवॉलने अडवलेली असण्याची शक्यता अधिक. ‘एच००३३’चा रोखही बहुधा तिकडेच असतो. पान उघडून यादीत डोंगल दिसत असेल, तर मात्र दोष लायसन्सच्या मुदतीत किंवा सॉफ्टवेअरच्या आवृत्तीत शोधावा. एवढी तपासणी आमचा हाताखालचा पोरगाही चहा येईपर्यंत उरकतो.

विंडोज ११वर मेमरी इंटिग्रिटी हे विंडोजचे सुरक्षा कवच चालू असल्यास डोंगलचे काही जुने ड्रायव्हर चढतच नाहीत. अशा वेळी ते संरक्षण बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण नवा ड्रायव्हर मिळवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

ज्यांचा संगणक काचेच्या केबिनमध्ये स्थिर असतो आणि ज्यांना अनेक शाखा सांभाळायच्या आहेत, त्यांना ऑनलाइन लायसन्स कदाचित सोयीचे पडेल. लॅपटॉप बॉनेटजवळ नेणाऱ्यांनी डोंगलच मागावा, असे मी सुचवेन, आणि तो हरवल्यास वा जळाल्यास बदली किती दिवसांत व किती रुपयांत मिळेल, हे विक्रेत्याकडून पैसे देण्यापूर्वी लेखी घ्यावे.