कारवी ते रोहित: रंगांच्या डबीचा अकरा महिन्यांचा अनुभव

ऑगस्ट २०२४ मध्ये मी बाहेर बसून चित्रं काढण्यासाठी एक संच घेतला. १२ हाफ पॅनची, म्हणजे अर्ध्या वड्यांची पत्र्याची डबी, दोन वॉटर ब्रश (दांड्यातच पाणी भरता येणारे) आणि सोबत आलेली ए-५ आकाराची वही. सगळं मिळून साडेतीन हजारांच्या आत. घेण्याचं कारण एकच होतं, कारवीचं झुडूप. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते. २०१६ च्या बहरात मी शंभरेक फोटो काढले होते, ते नंतर कधी उघडलेसुद्धा नाहीत. या वेळी झुडपासमोर बसायचं आणि हाताने काढायचं, असं ठरवूनच गेले.

आता २०२५ चा जून संपत आला. अर्धा पावसाळा, हिवाळा, उन्हाळा आणि पुन्हा पावसाची सुरुवात एवढं या संचाने माझ्याबरोबर पाहिलं. माझं मत आधीच सांगते. डबी चांगली आहे, घ्या. वही घेऊ नका. मुंबईच्या हवेत चित्र टिकतं ते कागदामुळे, आणि हातात थोडेच पैसे असतील तर ते कागदातच घालावेत.

कारवीपासून सुरुवात करते, कारण कागदाचा धडा तिथेच मिळाला. सप्टेंबरमधला शनिवार होता, सकाळी पाऊस नुकताच थांबला होता. फूल जवळून पाहिलं तर जांभळं म्हणावं की निळं, ठरेना. ताजं उमललेलं निळसर, कोमेजत चाललेलं फिकट, आणि एकाच तुऱ्यावर दोन्ही. अल्ट्रामरीनमध्ये, म्हणजे गडद निळ्यात, चिमूटभर मॅजेन्टा, म्हणजे जांभळट गुलाबी, घातला की हा रंग अगदी जवळ जातो. मोठ्या आनंदाने पहिला हात दिला आणि थांबले. थांबले म्हणजे पाऊण तास. हवेत एवढा ओलावा की रंग वाळेचना. दुसरा हात घाईने दिला तर खालचा उचलला गेला, आणि कागद पापडासारखा वर आला. वहीवर ‘वॉटरकलर पेपर’ असं छापलेलं आहे, पण तो २०० जीएसएमचा (चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचा), लाकडाच्या लगद्याचा कागद आहे. ऑक्टोबरपर्यंत त्याच वहीच्या आठ-दहा पानांवर तपकिरी ठिपके उमटले. बुरशी होती. कारवीची जी पानं मला पुन्हा आठ वर्षं काढता येणार नाहीत, त्यांच्यावरच ते ठिपके आले. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

त्या दिवशीचं एक मात्र चांगलं आठवतं. उद्यानातल्या एका पाड्यावर राहणाऱ्या मावशी बराच वेळ मागे उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, “ताई, फूल काढलंस, काठी नीट काढ. ह्याच काठीचा आमचा कूड.” कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या, त्यावर शेणमाती लिंपायची, की कुडाची भिंत तयार होते. वारली चित्रं मुळात अशाच भिंतीवर, तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने, बांबूच्या काडीचं टोक ठेचून केलेल्या ब्रशने काढली जात. म्हणजे झाडाच्याच अंगावर झाडं आणि जनावरं. मी खोडाकडे पाहिलंच नव्हतं. पुन्हा बसले, काठीची पेरं मोजली, पानांची जोडी कुठून फुटते ते पाहिलं. त्या दिवसापासून मी आधी खोड काढते, मग पान, फूल सगळ्यात शेवटी.

नोव्हेंबरमध्ये १००% कॉटनचा, ३०० जीएसएम, कोल्ड प्रेस, म्हणजे किंचित खरखरीत कागद घेतला. सुटे ताव घेऊन मीच कापले आणि क्लिपने पुठ्ठ्याला लावले. फरक पहिल्याच दिवशी कळला. कॉटनचा कागद पाणी धरून ठेवतो, पण सगळीकडे सारखं धरतो, त्यामुळे डाग पडत नाहीत आणि चुकलेला रंग ओल्या ब्रशने बराचसा उचलता येतो. महाग आहे, हे खरं. एका तावाच्या किमतीत साध्या कागदाची जाडसर वही येते. म्हणून तावाचे आठ तुकडे करते आणि दोन्ही बाजू वापरते. खादीचा हातकागदही वापरून पाहिला. दिसायला सुंदर, पोत असा की झाडाची साल त्यावर आपोआप उमटते. पण कागदाला सरसाचा जो हात दिलेला असतो, ज्याला साइझिंग म्हणतात, तो कमी पडला की रंग टीपकागदासारखा शोषला जातो. सालीसाठी उत्तम, पाकळीसाठी नाही.

कोराच कागद घरात ठेवला तरी पावसाळ्यात हेच साइझिंग आधी जातं. वरून काही दिसत नाही, रंग लावला की कागदावर नाण्याएवढे गडद डाग उठतात. आमच्याकडे आता कागद स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह असतो, आणि तो डबा ज्या कपाटात आहे तिथे आईच्या काळापासूनचा छोटा बल्ब पावसाळाभर जळतो. पूर्वी तो रेशमी साड्यांसाठी होता.

आता रंग. डबीत दोन हिरवे आहेत, सॅप ग्रीन आणि व्हिरिडियन. दोन्ही वडीतून तसेच उचलून लावले तर प्लास्टिकच्या तोरणासारखे दिसतात. मुंबईतलं झाड तसं हिरवं नसतंच. पिंपळाची नवी पालवी तांबूस गुलाबी, आंब्याची तपकिरी, तिवराच्या पानाची पाठ रुपेरी. ऐरोलीला खाडीकाठी तिवराचं पान निरखत होते तेव्हा पानावर मिठाचे कण दिसले. हे झाड खारं पाणी घेतं आणि मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. तो रुपेरी करडा मिळवायला मला तीन आठवडे लागले. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी, सारख्या प्रमाणात घेऊन खूप पाणी, मग पिवळ्याचा अगदी पुसटसा स्पर्श. याच दोन रंगांत निळा वाढवला की कावळ्याची पाठ, पाणी वाढवलं की त्याची राखाडी मान. डबीतली काळी वडी मला एकदाही लागली नाही.

गुलाबीबद्दल मात्र सावध करायचं आहे. डबीतला सर्वांत देखणा रंग तोच, भडक, जवळजवळ उजळून दिसणारा गुलाबी. फेब्रुवारीत ठाणे खाडीत रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, काढायला गेले तेव्हा वाटलं, हा रंग यांच्यासाठीच केलाय. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून बोट भरतीच्या वेळा पाहून सुटते. बोटीत हात हलतो, म्हणून पेन्सिलने फक्त मान आणि पायांच्या रेषा टिपल्या, रंग घरी येऊन भरला. चित्र छान झालं आणि मी ते खिडकीजवळच्या भिंतीला लावलं. मेपर्यंत त्यातला अर्धा गुलाबी उडाला होता. मग नीट तपासणी केली. एका पट्टीवर डबीतले बाराही रंग लावले, अर्धी पट्टी काळ्या कागदाने झाकली आणि खिडकीत ठेवली. सहा आठवड्यांत अकरा रंग जवळपास जसेच्या तसे राहिले, गुलाबी एकटाच फिका पडला. वडीच्या वेष्टनावर बारीक अक्षरात रंगद्रव्याचे क्रमांक असतात, ते मी तेव्हा पहिल्यांदा वाचले. या गुलाबीत पीआर १२२ या पक्क्या मॅजेन्टा रंगद्रव्याच्या जोडीला फ्लुओरोसंट डाय, म्हणजे चमकणारा पण कच्चा रंग, घातलेला आहे. डाय उन्हाने उडतो, पीआर १२२ मागे उरतो. आता मी नुसत्या पीआर १२२ ची मॅजेन्टा वडी वेगळी घेतली आहे. ती पाण्याने पातळ केली आणि कणभर पिवळा मिसळला की रोहितचा खरा रंग येतो. तो मुळात फिकटच असतो, आणि तोही पक्ष्याला शेवाळ आणि बारीक जलचरांच्या खाण्यातून मिळतो. पिल्लं तर राखाडी असतात. मी थव्यातल्या सगळ्यांनाच गुलाबी केलं होतं, ते चुकलंच.

चोचीतही चुकले होते. खाडीत दोन जाती येतात. थोरल्या रोहितची चोच फिकट गुलाबी आणि टोकाला काळी, धाकट्याची जवळजवळ सगळी गडद किरमिजी. फोटोत हे दिसत असूनही लक्षात येत नाही. चोच काढायला घेतली आणि रंग कुठे थांबवायचा हे ठरवावं लागलं, तेव्हा कळलं. ठाणे खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही. ऐरोली-मुलुंड पुलावरून मी कित्येक वर्षं जाते-येते, पण या खाडीकडे मी नीट बघायला लागले ती या डबीमुळे.

सर्वांत जास्त पानं मात्र राणीच्या बागेची भरली. शनिवारी भायखळ्याला उतरायचं आणि सकाळचे दोन तास तिथे. (बुधवारी बाग बंद असते, एकदा फेरी फुकट गेली.) बाग १८६० च्या दशकातली आहे, त्यामुळे झाडं थोराड आणि दूरदेशीचीही. गोरखचिंचेचं खोड कागदावर मावतच नाही, म्हणून फक्त बुंध्याच्या सुरकुत्या काढल्या. उर्वशीचं झाड फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलांनी लगडलं होतं. मूळ म्यानमारचं हे झाड, लाल झुंबरं उलटी लोंबतात आणि पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका. त्या पिवळ्यावर लाल चढला की चित्र गेलं, म्हणून पिवळा आधी लावून पूर्ण वाळू द्यायचा. मार्चमध्ये तो पाच मिनिटांत वाळतो, सप्टेंबरमधले पाऊण तास आठवले. एक माळीकाका दर वेळी खाली पडलेली फुलं माझ्यासाठी बाकावर आणून ठेवायचे. म्हणायचे, “तोडू नका ताई, झाडच देतंय.”

तोडण्याचा विषय निघालाच आहे तर सांगते. राष्ट्रीय उद्यानातून काहीही उचलून आणायचं नाही, पडलेलं पानसुद्धा नाही. रानपक्ष्यांची पिसं जमवू नका, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे आणि तो पिसांनाही लागू होतो. जे काढायचं ते जागेवर बसून काढा. आमच्या सोसायटीतला ताम्हण मी असाच काढला. मे महिन्यात, एकच फांदी, सलग नऊ दिवस. पाकळ्या क्रेप कागदासारख्या चुरगळलेल्या, पहिल्या दिवशी गडद जांभळ्या, मग दिवसागणिक फिकट. हे आपलं राज्यफूल. त्याच झाडाच्या वाळक्या फांदीवर सकाळी तांबट येऊन बसतो. हिरवा, कपाळ लाल, गळा पिवळा, ओरडताना गळा फुगतो. तो उन्हात बराच वेळ एका जागी बसतो, म्हणून पक्षी काढायला नव्याने शिकणाऱ्याने तांबटापासून सुरुवात करावी.

वॉटर ब्रश बरे आहेत. लोकलमध्ये पाण्याची बाटली उघडावी लागत नाही, हा मोठा फायदा. पण एक चौथ्या महिन्यात गळायला लागला आणि पिशवीतलं पाकीट भिजलं. मोठ्या आकाशासाठी साधा ८ नंबरचा गोल ब्रशच लागतो. डबीची बिजागरी खाऱ्या हवेने गंजली आहे, झाकण आता रबरबँडने बांधते. रंगांत मध मिसळलेला असल्यामुळे जूनमध्ये वड्या चिकट होतात, आणि ओली डबी बंद ठेवली तर वर पांढरी बुरशी धरते. मी रात्री डबी उघडी करून पंख्याखाली ठेवते, एवढं केलं की पुरतं.

यंदा पाऊस २६ मेलाच मुंबईत पोचला, त्यामुळे बाहेरचं रंगवणं लवकर थांबलं. आठवड्यापूर्वी कारवीच्या जागी पुन्हा जाऊन आले. गेल्या वर्षी फुललेली झुडपं वाळून उभी आहेत, आणि त्यांची सुकी बोंडं पावसाचं पाणी लागलं की तडकन फुटून बी उडवतात. छत्रीखाली नुसत्या पेन्सिलने चार बोंडं काढली, एक बंद, तीन फुटलेली. कॉटनच्या कागदावर, अर्थात.

अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना तळाला गेले आहेत, पिवळाही संपत आला. पूर्ण नवी डबी घ्यायची गरज नाही. ट्यूबमधला रंग रिकाम्या वडीत दोन थरांत भरा, पहिला थर नीट वाळल्यावरच दुसरा. एप्रिलमध्ये माझी एक वडी दोन दिवसांत वाळली होती. या महिन्यात भरलेली नवव्या दिवशीही आतून मऊ आहे.