ओढ्यावर वीज करायचीय? जागा शोधायला गूगल अर्थ प्रो कितपत कामाचं

घाटातल्या ओढ्यावर पाच-दहा किलोवॉट वीज करायची म्हटलं की हल्ली आधी संगणक उघडला जातो, आणि त्यात चूक काही नाही. गूगल अर्थ प्रो २०१५ पासून फुकट आहे. त्याआधी वर्षाला ३९९ डॉलर पडायचे. सह्याद्रीत एका दुपारी दहा ओढे बघून त्यातले आठ बाद करता येतात. बाद करायला हे साधन उत्तम. पसंत करायला नाही.

वापर सोपा आहे. 'टेरेन' चालू ठेवायचं, पाणी उचलायच्या जागेपासून पॉवरहाउसच्या जागेपर्यंत ओढ्याच्या मधोमध 'पाथ' काढायचा, त्यावर राइट क्लिक करून 'शो एलिव्हेशन प्रोफाइल' घ्यायचं. खाली उभा छेद येतो. तो नीट बघा. उतरती रेघ मध्येच सहा-आठ मीटर चढलेली दिसेल. ओढा काही चढ चढत नाही; चढते ती आकडेवारीतली चूक.

ही उंची बऱ्याच भागांत एसआरटीएमच्या माहितीवर बेतलेली आहे. फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून रडारनं केलेली ती मोजणी. एक चौकोन साधारण ३० मीटरचा. पंधरा मीटर रुंदीची घळ त्या चौकोनात हरवते, दोन्ही काठांची उंची तिच्यात मिसळते. दाट झाडी असली तर रडारला जमिनीऐवजी शेंडेच जास्त दिसतात. म्हणून दोन्ही टोकं मोकळ्या जागी धरावीत: वर सडा, खाली भातखाचर. एवढं करूनही ४० मीटर हेडमध्ये (हेड म्हणजे पाणी वरून खाली उभं जेवढं उतरतं ते अंतर) आठ मीटरची चूक राहिली, तर विजेचा हिशोब २० टक्क्यांनी चुकला.

मोबाईलच्या जीपीएसनं पडताळणी करणारे आणखी एक घोळ घालतात. काही अ‍ॅप समुद्रसपाटीपासूनची उंची न देता पृथ्वीच्या गणिती पृष्ठापासूनची देतात. पश्चिम महाराष्ट्रात हा फरक साठेक मीटर, आणि मोबाईलचा आकडा कमी. वरची उंची गूगलची आणि खालची मोबाईलची घेतली, की कागदावर साठ मीटरचा फुकटचा धबधबा तयार होतो.

त्यापेक्षा गवंड्याची पारदर्शक लेव्हल पाइप बरी. टप्प्याटप्प्यानं उतरत जायचं आणि बेरीज करायची. फक्त नळीत बुडबुडा राहू द्यायचा नाही. नाहीतर लांब होज पाण्यानं भरून खालच्या तोंडाला प्रेशर गेज लावायचं: १ बार म्हणजे १०.२ मीटर.

हेडचं असं निभावतं. खरी अडचण पाण्याची, आणि तिथं गूगल अर्थ काहीच सांगत नाही. जुन्या चित्रांची सोय (घड्याळाचं चिन्ह) मात्र वापरावी. ढगांमुळे पावसाळ्यातली स्वच्छ चित्रं क्वचितच मिळतात, बहुतेक डिसेंबर ते मे मधली असतात, आणि आपल्याला हवी असतात तीच. एप्रिलच्या चित्रात पात्र पांढरं, कोरडं दिसलं तर बारमाही विजेचा विषय संपला. झाडीनं झाकलेला ओढा असेल तर उत्तर मिळत नाही, जावंच लागतं.

क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये पाणलोट क्षेत्र काढून त्यावरून सरासरी प्रवाह सांगणाऱ्या अहवालांपासून सावध राहा. दोन चौरस किलोमीटर पाणलोट, ५,५०० मिलिमीटर पाऊस, त्यातला ७० टक्के वाहिला असं धरलं, तर सरासरी येते सेकंदाला २४४ लिटर. हे गणित बरोबर आहे आणि निरुपयोगी आहे. तो पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये पडतो, आणि मार्चमध्ये त्याच ओढ्यात बादलीनं मोजण्याइतकं पाणी उरू शकतं. खोपोलीचं वीजघर १९१५ साली चाललं ते काही नुसत्या घाटाच्या उंचीवर नाही. वर लोणावळ्याला तळी बांधून पावसाळा साठवला म्हणून. तळं परवडत नसेल तर उन्हाळ्याचा प्रवाह हाच आपला प्रवाह, किंवा वीज फक्त पावसाळा-हिवाळ्यापुरती हे आधीच मान्य करायचं.

तो प्रवाह मोजायला ९० अंशांची व्ही-नॉच फळी, म्हणजे व्ही आकाराची खाच कापलेली फळी, ओढ्यात आडवी बसवावी. नॉचच्या खालच्या टोकापासून पाण्याची उंची मीटरमध्ये घेऊन तिचा अडीचावा घात करायचा आणि १.३८ ने गुणायचं; उत्तर घनमीटर प्रतिसेकंद. २० सेंटिमीटरला साधारण सेकंदाला २५ लिटर, २१ ला २८. म्हणजे एका सेंटिमीटरची चूक तेरा टक्क्यांना पडते. म्हणून पट्टी फळीला चिकटवू नये, तिथं पाणी खाली झुकतं. मीटरभर मागे खुंटी ठोकून तिच्यावर लावावी. मोजणी मार्च ते मे, दर आठवड्याला. २५ लिटर आणि ४० मीटरवर कागदी ताकद ९.८ किलोवॉट, छोट्या यंत्रावर त्यातले पाच-सहा हाती येतात.

सातबारा, वनजमीन, खालच्या शेतांचे पाट यातलं काहीही चित्रात दिसत नाही, ते तलाठ्याकडे आणि गावात विचारावं. आणि पॉवरहाउसची जागा चित्रावरून कधीही पक्की करू नका. हिवाळ्यात टिपलेल्या चित्रात काठ सपाट, मोकळा आणि मोहात पाडणारा दिसतो. प्रत्यक्ष गेल्यावर झाडाच्या फांद्यांत डोक्याच्या वर अडकलेलं वाळकं गवत आणि काटक्या दिसतात. ती पुराची खूण. जनित्र त्या खुणेच्या वर बसवायचं, मग त्यात दोन मीटर हेड गेलं तरी चालेल.