सदाशिव पेठेतील व्हिक्टोरियन कादंबरीवाचन वर्ग : एक अभिप्राय

सदाशिव पेठेतील एका वाचनालयात रविवारी भरणाऱ्या या वर्गात व्हिक्टोरियन काळातील, बालपणापासून प्रौढत्वापर्यंतचा प्रवास सांगणाऱ्या कादंबऱ्या मूळ इंग्रजीतून वाचल्या जातात आणि चर्चा मराठीत होते. समाज माणसाला बाहेर ठेवतो तो कोणत्या मार्गांनी, हा प्रश्न शिक्षिकाबाई सतत हाताशी ठेवत असल्याने वर्गाला कथानक सांगण्याचे स्वरूप येत नाही.

‘द मिल ऑन द फ्लॉस’वरील (१८६०) सत्रे सर्वांत सकस झाली. लॅटिनमध्ये गती नसलेल्या टॉमवर वडील खर्च करतात आणि त्या भाषेची ओढ असलेल्या त्याच्या बहिणीला, मॅगीला, मात्र मुलींची बुद्धी चटपटीत पण उथळ असते, असे ऐकावे लागते. पुढे ज्याच्यासोबत ती नावेतून दूर जाते, त्या स्टीफनशी लग्न करून परतली असती तर ज्या गावाने तिचे कौतुक केले असते, तेच गाव ती लग्नाविना परतल्यामुळे तिला वाळीत टाकते. खुद्द लेखिका जॉर्ज एलियट ही लेखक जॉर्ज हेन्री लुइस यांच्यासोबत विवाहाविना राहत असल्यामुळे भाऊ आयझॅक याने तोडलेला संबंध १८८० मध्ये तिने जॉन क्रॉस यांच्याशी रीतसर लग्न केल्यावरच पुन्हा जोडला, हे बाईंनी सांगितले. त्यावर वर्गातील ज्येष्ठ मंडळींनी जुन्या वाड्यांतील जी उदाहरणे दिली, त्यांतच शुल्क वसूल झाले.

‘जेन एअर’च्या (१८४७) बाबतीत मात्र निराशा झाली. आश्रित जेनला शेकोटीपाशी बसलेल्या कुटुंबापासून दूर ठेवणे, शाळेत स्टुलावर उभे करून इतरांना तिच्याशी बोलण्यास मनाई करणे, हे सारे बारकाईने वाचले गेले. परंतु जेनचे ज्याच्यावर प्रेम आहे त्या रॉचेस्टरची जमैकाहून आणून तिसऱ्या मजल्यावर कोंडलेली पत्नी बर्था केवळ कथेतील रहस्य म्हणून उरकली गेली. तिच्यासोबत तीस हजार पौंड आले होते, आणि हुंड्याचा व्यवहार समजायला आपल्याला तरी टीपा लागू नयेत. बाहेर ठेवल्या गेलेल्या जेनचा संसार बर्थाच्या मृत्यूनंतरच उभा राहतो, त्याचे काय, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही.

छापील टिपणे उत्तम असली तरी अक्षर फार बारीक आहे. वाहन लावण्याविषयी पेठेत राहणाऱ्यांना काही सांगायला नको.

‘ज्यूड द ऑब्स्क्युअर’ला (१८९५) शेवटचा अर्धा तासच मिळाला. स्वतःच्या बळावर लॅटिन आणि ग्रीक शिकलेल्या पाथरवटाला महाविद्यालयाचा प्रमुख पत्राने आपल्याच धंद्यात राहण्याचा सल्ला देतो, ते प्रकरण विद्येचे माहेरघर म्हणवणाऱ्या शहरात तरी पूर्ण सत्र घेऊन वाचावे, अशी संयोजकांना विनंती आहे.