ई-संजीवनी : रिपोर्ट दाखवायला चांगली, पोटदुखीला नको

घरबसल्या ऑनलाइन डॉक्टरांचा सल्ला देणारी केंद्र सरकारची सेवा, ई-संजीवनी ओपीडी, एप्रिल 2020 मध्ये सुरू झाली. मोहालीच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने ती बनवली आणि सल्ल्याचे पैसे लागत नाहीत. मोबाइल नंबर, ओटीपी, नाव-वय-तक्रार, राज्य, मग टोकन. नंबर लागला की डॉक्टर व्हिडिओवर येतात. शेवटी मिळणारं प्रिस्क्रिप्शन मेडिकलमध्ये चालतं.

हिचा खरा फायदा आहे हातात आलेल्या रिपोर्टचा अर्थ लावून घ्यायला, आणि तिथेच लोक घोळ घालतात. ठळक अक्षरातल्या एका आकड्याचा फोटो काढून चढवतात. नॉर्मल रेंज लॅबगणिक बदलते, त्यामुळे लॅबचं नाव, तारीख, एकक दिसेल असं पूर्ण पान हवं. पीडीएफ असेल तर उत्तमच. जुना रिपोर्टही जोडा. किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन 1.4 गेल्या वर्षीही तेवढंच होतं की तेव्हा 0.9 होतं, यावर सगळा सल्ला फिरतो. केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व घेत असाल तर न विचारता सांगा, काही लॅब-पद्धतींत त्यामुळे थायरॉइडच्या तपासणीतला टीएसएच खोटाच कमी दिसतो. प्लेटलेट एकदम घसरलेल्या, पण ताप नाही, रक्तस्राव नाही? रक्त गोठू नये म्हणून नळीत असलेल्या ईडीटीए या रसायनामुळे कधी कधी प्लेटलेटच्या गुठळ्या होतात आणि मशीन कमी मोजतं. स्मिअर (काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं) करून घ्यावा का, हे डॉक्टरांना विचारा. डेंग्यूच्या एनएस1 या रक्तचाचणीचा रिपोर्ट दाखवताना ताप कुठल्या दिवशी सुरू झाला ते हवंच. उशिरा केलेली टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून डेंग्यू नाही असं ठरत नाही.

कॉल लागण्याआधी ताप, बीपी, वजन मोजून ठेवा आणि चालू गोळ्यांची पाकिटं समोर ठेवा. ‘ती पांढरी गोळी’ म्हणून भागत नाही. लहान मुलाचं वजन नसेल तर डोस ठरणार कसा?

अल्प्राझोलाम (चिंतेवरची गोळी), ट्रॅमाडॉल (वेदनाशामक) इथे मागू नका. 2020 च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यातली अशी औषधं ऑनलाइन लिहिता येत नाहीत. नकार मिळाला म्हणून रेटिंगमध्ये एक तारा देणं अन्यायाचं आहे.

उणीव मोठी आहे ती हाताने तपासण्याची. पोट दाबून पाहणं, छातीला स्टेथोस्कोप लावणं, गाठ चाचपणं यातलं काही होत नाही, म्हणून नवी पोटदुखी थेट दवाखान्यात न्या. छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं यात टोकनची वाट पाहत बसू नका, 108 लावा. शिवाय पुढच्या वेळी तेच डॉक्टर मिळतील याची खात्री नाही, तेव्हा प्रिस्क्रिप्शन लगेच डाउनलोड करून ठेवा आणि पुढच्या कॉलला तेच आधी चढवा.