लहान ब्रश, १००० पीपीएमची पेस्ट आणि वाळूचं घड्याळ: आठ महिन्यांच्या वापरानंतर

वापर मे ते जानेवारी. घर वेंगुर्ल्याच्या किनाऱ्याजवळ, मुलं साडेतीन आणि सात वर्षांची. वस्तू चार: लहान डोक्याचे मऊ ब्रश, फ्लोराइडची पेस्ट, दोन मिनिटांचं वाळूचं घड्याळ आणि सेलवर चालणारा ब्रश. किनाऱ्याचा उल्लेख मुद्दाम केला आहे, कारण इथल्या दमट, खाऱ्या हवेत यातल्या दोन वस्तूंचं गणित बदलतं.

आधी पेस्ट, कारण सगळ्यात जास्त काम तीच करते. खोक्यावरचं कार्टून बघून घेऊ नका, मागची बारीक अक्षरं वाचा. सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट ०.७६ टक्के किंवा सोडियम फ्लोराइड ०.२२ टक्के लिहिलं असेल, तर फ्लोराइड साधारण १००० पीपीएम, म्हणजे पेस्टच्या दहा लाख भागांत हजार भाग, भरतं. मुलांची म्हणून मिळणाऱ्या काही पेस्टमध्ये ते याहून बरंच कमी असतं, काहींत नसतंच. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी. जाहिरातीतला ब्रशभर पट्टा मुलांसाठी नाही. या वयात हिरडीच्या आत कायमचे दात तयार होत असतात आणि रोज जास्त पेस्ट पोटात गेली तर त्यांवर पांढरे डाग उमटतात. म्हणून ट्यूब वरच्या फळीवर ठेवा आणि पेस्ट मोठ्यांनीच लावा. ती ब्रशच्या केसांत बोटाने दाबली, की धाकटं मूल नुसती चाटून मोकळं होत नाही. शेवटी थुंकायचं, पण खळखळून चूळ भरायची नाही. पाण्याने फ्लोराइड धुऊन जातं. ही सवय लावायला सगळ्यात जास्त दिवस लागतात, कारण घरातली मोठी माणसं स्वतः दोन-तीन चुळा भरतात आणि मूल तेच बघतं.

ब्रशचं डोकं एवढं लहान हवं, की शेवटच्या दाढेमागे सहज वळेल. मुलाच्या मागे उभं राहा, त्याचं डोकं आपल्या छातीला टेकवा, डाव्या हाताने ओठ उचला आणि हिरडी-दाताच्या सांध्यावर छोटे गोल फिरवा. सुरुवात खालच्या दाढांच्या आतल्या, जिभेकडच्या बाजूने करा. तीच जागा नेहमी घासायची राहते आणि पुढचे दात घासून होईपर्यंत मुलाचा धीर संपलेला असतो. सकाळी मुलाने स्वतः घासावं, मात्र रात्रीचा हात मोठ्यांचा. सात-आठ वर्षांपर्यंत याला पर्याय नाही. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे रात्री दातांत राहिलेलं अन्न सकाळपर्यंत तिथेच आंबतं. घासून झाल्यावर प्यायला फक्त पाणी. दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवलं, तर वरचे पुढचे दात आधी किडतात.

ब्रशसोबत आलेली प्लास्टिकची टोपी जूनमध्येच काढून टाकावी. पावसाळ्यात न्हाणीघरात टोपीखालचा ब्रश रात्रीपर्यंत वाळतच नाही आणि केसांच्या मुळाशी काळे ठिपके धरतात. प्रत्येकाला दोन ब्रश, एक सकाळचा, एक रात्रीचा, आणि ते स्वयंपाकघराच्या खिडकीत पेल्यात उभे, एवढं केलं की पुरतं. ब्रश तीन महिन्यांनी बदलायचा. तीन आठवड्यांतच केस फिसकारले, तर मूल तो चावत आहे. जुना ब्रश त्याच्या हातात द्या आणि नव्याने तुम्ही घासा.

सेलचा ब्रश किनाऱ्यावर घेऊ नका. ऑगस्टपर्यंत सेलच्या स्प्रिंगवर हिरवट गंज चढला आणि ब्रश मध्येच थांबू लागला.

वाळूचं घड्याळ थोरल्याला उपयोगी पडतं: जबड्याचे चार भाग, प्रत्येकी अर्धा मिनिट. धाकटं मूल ते मध्येच उलटं करतं, त्याच्यासाठी गाणंच बरं.

आता खाणं. इथे दातांचा खरा शत्रू आंबापोळी आणि फणसपोळी, कारण ती दाढेच्या खाचेत चिकटून बसते. चहात बुडवलेलं बेकरीचं बटरही तसंच, गोड फारसं लागत नाही म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. प्रत्येक गोड घासानंतर तोंडात तयार होणारं आम्ल निवायला अर्धा तास तरी लागतो. गणपतीत दिवसभर चिमूट-चिमूट खिरापत खाल्ली, तर तो अर्धा तास संपतच नाही. मोदक जेवणाबरोबर दोन खाऊ देत, येता-जाता नको. कोकम सरबत किंवा कैरीनंतर लगेच ब्रश नको. पाणी प्यायला द्या आणि अर्धा तास थांबा.

मशेरीबद्दल आडपडदा न ठेवता सांगायला हवं. आजीच्या डबीतली मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे, पण चुलीवर भाजलेल्या मशेरीला ती कुठून पोचणार? नातवंडाच्या बोटाला ती कौतुकानेही लावू नये. राखुंडी आणि कोळशाची पूड दातावरचं आवरण खरवडते, म्हणून तीही नको.

महिन्यातून एकदा पडवीच्या उजेडात ओठ उचलून बघा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली, तर कीड नुकती सुरू झाली आहे आणि रात्रीचा ब्रश व फ्लोराइड नेटाने चालू ठेवलं तर ती तिथेच थांबू शकते. रेघ तपकिरी, खडबडीत झाली की दंतवैद्याकडे जायचं. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून अनेक घरांत ती दुधाचीच समजतात. ती कायमची आहे. पूर्ण वर आली, की तिच्या खाचा सीलंटने, म्हणजे दातावर बसवायच्या पातळ लेपाने, बुजवून घेण्याबद्दल दंतवैद्यांना विचारा.