फराळाचं पाकीट: लॅमिनेट, पीई, पीपी की पेटची बरणी?

चिवडा, शेव, चकली, भाजणी, मसाले असं काही बनवून स्वतःच्या नावानं विकणाऱ्यापुढे आज पाकीटवाला चार नमुने टाकतो: चंदेरी लॅमिनेट (वेगवेगळ्या फिल्मचे थर चिकटवलेलं पाकीट), ‘शंभर टक्के रिसायकलेबल’ असं सांगितलेला पीईचा (पॉलिइथिलीनचा) पाऊच, पारदर्शक बीओपीपी-सीपीपी पाऊच (दोन्ही थर पॉलिप्रॉपिलीनचे, म्हणजे पीपीचे) आणि पेटची (पाण्याच्या बाटलीच्या प्लास्टिकची) बरणी. चारही प्लास्टिकच, चारांवरही बाणांचा त्रिकोण. भाव निराळा, माल टिकण्याची मुदत निराळी, आणि रिकामं झाल्यावर ते पाकीट जातं ती जागा तर अगदीच निराळी. ही शेवटची गोष्ट नमुना दाखवताना कुणी सांगत नाही, म्हणून इथे तिच्यावर भर आहे.

हे नवे नमुने बाजारात येण्यामागे कायदा आहे. प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम २०१६ चे. त्यांत फेब्रुवारी २०२२ मध्ये उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीची, म्हणजे ईपीआरची, तपशीलवार चौकट आली. मोठ्या ब्रँडना कडक प्लास्टिकच्या पॅकिंगमध्ये २०२५-२६ पासून किमान ३० टक्के आणि लवचिक पॅकिंगमध्ये १० टक्के पुनर्वापरित माल घालण्याचं बंधन घातलं गेलं, आणि पुढे हे आकडे चढते आहेत. अशा वेळी भंगार वितळवून केलेल्या प्लास्टिकच्या चांगल्या दाण्याला मागणी येते, दाण्यासाठी स्वच्छ एकजिनसी भंगार लागतं, म्हणून फिल्म बनवणारे एकाच जातीच्या प्लास्टिकचे पाऊच काढू लागले. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना ब्रँड-मालक म्हणून २०२२ च्या चौकटीत यातून वगळलं आहे. पण परदेशातून थेट पाऊच मागवलेत तर तुम्ही आयातदार ठरता, तेव्हा त्या सुटीच्या भरवशावर राहू नका.

एक गल्लत मात्र सर्रास होते. ‘हा पाऊच कॅटेगरी दोनमध्ये येतो, म्हणजे रिसायकलेबल’ असं विक्रेता ठासून सांगतो. ईपीआरच्या वर्गवारीत कॅटेगरी दोनमध्ये एकाच थराचं लवचिक प्लास्टिकही येतं आणि वेगवेगळ्या प्लास्टिकचे थर चिकटवलेलंही. ॲल्युमिनियम फॉइल किंवा कागदासारखा प्लास्टिकेतर थर आला की ते कॅटेगरी तीन. म्हणजे निव्वळ पीईचा पाऊच आणि पेट-पीईचं लॅमिनेट कायद्याच्या एकाच खान्यात बसतात. भंगाराच्या गोदामात मात्र पहिल्याला पैसे मिळतात आणि दुसरं बाजूला पडतं.

मुंबईत खरी कसोटी कोणती, ते दुधाच्या पिशवीनं केव्हाच दाखवून दिलंय. घरोघरी ती धुऊन, वाळवून रद्दीवाल्याला दिली जाते, कारण ती निव्वळ पीईची असते, पुरेशी जाड असते आणि ओळखायला सोपी. तिथून ती धारावीच्या तेरा कंपाउंडसारख्या ठिकाणी कापून, धुऊन, वितळवून दाणा होते. तिचा कापलेला छोटा कोपरा तेवढा कधीच परत येत नाही, तो गटारात जातो. तुमच्या पाकिटावर ‘इथून फाडा’ची खूण छापताना हे ध्यानात घ्या: तुकडा पूर्ण सुटणार नाही अशी खाच द्या.

चंदेरी लॅमिनेट

नेहमीची रचना १२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पेट, १२ मायक्रॉन मेटलाइज्ड, म्हणजे धातूचा पातळ मुलामा दिलेलं, पेट आणि आत ५० मायक्रॉन पीई. माल टिकवण्यात याला तोड नाही. साध्या एलडीपीईतून, म्हणजे नेहमीच्या मऊ पीईतून, दिवसाला दर चौरस मीटरमागे काही हजार घन सेंमी ऑक्सिजन आत शिरतो. १२ मायक्रॉनच्या साध्या पेटमधून तो शंभर-सव्वाशेवर येतो आणि मेटलाइज्ड पेटमधून एक-दोनवर. प्रकाशही अडतो, म्हणून तळणीचं तेल लवकर खवट होत नाही. नायट्रोजन भरायचा असेल तर तोही इथे चांगला टिकतो.

अडचण पुढची. पेट वितळतं अडीचशे अंशांच्या वर, पीई सव्वाशेच्या आसपास. दोन्ही एकत्र वितळवले तर पेटचे न वितळलेले कण जाळीत अडकतात, आणि तापमान वाढवलं तर पीई करपतं. थर सुटे करण्याची परवडणारी सोय लहान गोदामाकडे नसते. म्हणून कचरावेचक बाई हे पाकीट उचलत नाही. उचललं गेलंच तर सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून, नाहीतर देवनार किंवा कांजूरमार्गच्या कचराभूमीत.

निव्वळ पीईचा पाऊच

यात बाहेरचा थर ताणून कडक केलेल्या पीईचा आणि आतला सहज सील होणाऱ्या पीईचा. मधे ईव्हीओएच या वायू अडवणाऱ्या प्लास्टिकचा अगदी पातळ थर घातला तर ऑक्सिजन चांगला अडतो आणि वजनाच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवला तर पुनर्वापरात तो सहसा खपून जातो. दमट हवेत मात्र ईव्हीओएचची अडवण्याची ताकद घटते. तो दोन्ही बाजूंनी पीईनं झाकलेला असलाच पाहिजे, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. हा थर नसलेल्या पीई पाऊचमध्ये नायट्रोजन भरणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

इथे फसगत होते ती सीलिंगला. बँड सीलर (फिरत्या पट्ट्यांमधून पाकीट सील करणारं मशीन) लॅमिनेटवर १५०-१८० अंशांना चालवायची सवय असते, कारण बाहेरचं पेट त्या उष्णतेला दाद देत नाही. पीईत बाहेरचा आणि आतला थर एकाच जातीचे, त्यामुळे हाताशी असलेली तापमानाची फट अरुंद. साधारण ११० ते १३० अंशांत काम उरकावं लागतं. जास्त झालं की पाऊच पट्ट्याला चिकटतो, सुरकुततो. कमी झालं की सील बोटानं उघडतं. टेफ्लॉनचा पट्टा नवा घाला, तापमान उतरवा, वेग कमी करा आणि दर तासाला एक पाकीट पाण्याच्या बादलीत दाबून बुडबुडे बघा. त्याच मशिनवर दिवसाचा आकडा घटेल, हे हिशेबात धरूनच भाव ठरवा.

बीओपीपी-सीपीपी

छोट्या उत्पादकानं सर्वांत आधी याचा विचार करावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. २० मायक्रॉन बीओपीपी आणि ४० मायक्रॉन सीपीपी, म्हणजे दोन्ही पॉलिप्रॉपिलीन. पारदर्शक, कडक, छपाई सुरेख, आणि वसईपासून मस्जिद बंदरपर्यंत सहज मिळणारं. बीओपीपी ओलावा तितक्याच जाडीच्या एलडीपीईपेक्षा निम्म्याहून कमी आत येऊ देतं, आणि पावसाळ्यात मुंबईत माल बिघडतो तो आधी ओलाव्यानं. सील १२५-१४० अंशांत होतं. ऑक्सिजनला मात्र ते फारसं अडवत नाही. प्रकाशही आत येतो, म्हणून तेलकट शेव उजेडाच्या शोकेसमध्ये ठेवू नका.

झिप हवी असेल तर एक प्रश्न नक्की विचारा: झिप पीपीची की पीईची? बाजारात पीईची झिप जास्त मिळते आणि ती लावली की एकजिनसीपणा गेला. मेटलाइज्ड पीपीही मिळतं. त्यानं टिकवण बरीच सुधारते, पण दाणा करडा निघतो आणि भाव पडतो.

पेटची बरणी

परत गोळा होण्यात बरणी सर्वांच्या पुढे. ती घरात मिरी-मोहरी भरायला राहते आणि नंतरही भंगारवाला आनंदानं घेतो. शिवाय पुनर्वापरित माल अन्नाच्या संपर्कात वापरायला एफएसएसएआयनं, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं, वाट करून दिली आहे ती पेटलाच, तीही ठरावीक प्रक्रियेतून आलेल्या. म्हणून ‘रिसायकल्ड दाण्याची स्वस्त पिशवी’ कुणी फराळासाठी देऊ केली तर घेऊ नका.

बरणी वाया जाते ती लेबल आणि झाकणामुळे. पेट पाण्यात बुडतं, पीपी-पीईची झाकणं तरंगतात, म्हणून ती धुण्याच्या टाकीत आपोआप सुटी होतात. पीव्हीसीची श्रिंक स्लीव्ह मात्र पेटसारखीच बुडते आणि पेट वितळवण्याच्या तापमानाला विघटित होऊन आम्ल सोडते. थोडीशी मिसळली तरी अख्ख्या फ्लेकला, म्हणजे बरण्या कापून केलेल्या चुऱ्याला, पिवळेपणा येतो. कागदी लेबलचा लगदा होऊन गोंद मागे उरतो. पातळ बीओपीपीचं, धुतल्यावर सुटणाऱ्या गोंदाचं, बरणीच्या निम्म्याहून कमी भागावर येणारं लेबल लावा. बरणी बिनरंगीच घ्या. रंगीत पेटला भाव कमी.

आता वजन. पाकिटाचं वजन काढायला क्षेत्रफळ गुणिले जाडी गुणिले घनता. २०० ग्रॅम चिवड्यासाठी १६ बाय २४ सेंमीचा पाऊच धरला तर दोन बाजूंचं क्षेत्रफळ ७६८ चौरस सेंमी. वरचं लॅमिनेट साधारण ६ ग्रॅम भरतं, १०० मायक्रॉनचा पीई पाऊच ७ ग्रॅम, ६० मायक्रॉनचं बीओपीपी-सीपीपी जेमतेम सव्वाचार ग्रॅम. तेवढ्याच मालाची बरणी झाकणासकट २५-३० ग्रॅमच्या घरात. म्हणजे बरणी परत येण्याची शक्यता मोठी, पण न आलेल्या एका बरणीमागे सहा-सात पीपी पाकिटांचं प्लास्टिक कचऱ्यात जातं. परप्रांती पाठवायच्या किंवा प्रवासात घेतल्या जाणाऱ्या मालाला ती शोभत नाही.

कंपोस्टेबल पाऊचही हल्ली दाखवतात. त्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं आणि तो कुजायला औद्योगिक कंपोस्टची साठ अंशांजवळची उष्णता लागते, कुंडीत तो तसाच राहतो. अशा पाऊचमधलं पीएलए हे प्लास्टिक पेटच्या भंगाराच्या गाठीत शिरलं तर पेट बिघडवतं. कुरकुरीत फराळासाठी ओलावाही तो नीट अडवत नाही. हा पर्याय सध्या सोडून द्या.

नमुना घरी तपासायचा कसा

पाकिटाचा बिनछपाईचा एक सेंमीचा तुकडा कापा, भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब टाकलेल्या पाण्यात बुडवून बोटानं चोळा म्हणजे बुडबुडे सुटतील, आणि सोडून द्या. पीई आणि पीपी वर येतात. तळाला गेला तर आत पेट किंवा तशीच जड फिल्म आहे, विक्रेता काहीही म्हणो. उलट खात्री मात्र इतकी पक्की नाही: एक पातळ पेटचा थर आणि जाड पीई असेल तर तुकडा तरंगूही शकतो. म्हणून फाडूनही बघा. पीई ताणत जातं, पेटचं लॅमिनेट करकरीत फाटतं किंवा कडेला दोन पापुद्रे सुटतात.

टिकवणीची चाचणी पावसाळ्यातच घ्या, जानेवारीत सगळीच पाकिटं पास होतात. बारा पाकिटं भरा, प्रत्येकावर वजन लिहा, सहा दुकानात आणि सहा स्वयंपाकघरात ठेवा, दर आठवड्याला ०.१ ग्रॅमच्या काट्यावर तोला. २०० ग्रॅम चिवड्याचं वजन ४ ग्रॅमनं वाढलं, म्हणजे ओलावा दोन टक्क्यांनी चढला, की तो सादळायच्या वाटेला लागला. दोनच पाकिटं सादळली आणि बाकी ठीक असतील तर दोष फिल्मचा नाही, सीलचा आहे. चिवड्याचा चुरा किंवा तेल सीलच्या जागी लागलं की तिथे बारीक नळी राहते. वजन तसंच राहून वास बदलला तर तो ऑक्सिजनचा किंवा उजेडाचा प्रताप.

कोणाला काय

पापड, भाजणी, पोहे, साबुदाणा यांना तेलाचा प्रश्न फारसा नाही, त्यांना बीओपीपी-सीपीपी किंवा साधं पीई पुरतं. गोड्या मसाल्याचा वास पीईतून बाहेर जातो आणि दुकानातल्या शेजारच्या चहाला लागतो, त्याला ईव्हीओएचचं पीई किंवा बरणी. चकली आणि कडबोळी पाकिटात मोडतात, शहरातच विकत असाल तर बरणी. शेव, चिवडा, बाकरवडी हे खरं अवघड प्रकरण. दादर, गिरगाव, ठाणे, डोंबिवली एवढ्याच दुकानांत माल जात असेल तर पाकिटावर चार महिन्यांची मुदत छापण्याची गरजच काय? तीस-चाळीस दिवसांची मुदत ठेवून दर आठवड्याला ताजा माल पोचवला तर पीपी चालून जातं, चंदेरी थर लागत नाही. नागपूर किंवा परदेशी पाठवताय तर आजच्या घडीला लॅमिनेट टाळणं कठीण आहे. तेवढ्या मालापुरतंच ते वापरा आणि ईव्हीओएच पीईची चाचणी सुरू ठेवा.

छपाईबद्दल. रोटोग्रॅव्हर छपाईचे कोरीव सिलिंडर आणि किमान ऑर्डर छोट्याला झेपत नाही, म्हणून कोरा पाऊच आणि लेबल हीच सुरुवात. पीपी पाऊचवर लेबलही पीपीचं लावा. पुढे छापून घ्याल तेव्हा अख्खी पार्श्वभूमी गडद रंगानं भरू नका, कारण आपल्याकडे वर्गवारी हातानं होते आणि गडद फिल्मचा दाणा काळाच निघतो. नायट्रोसेल्युलोजच्या शाईनं दाण्याला करपट वास येतो, पॉलियुरेथेनची मागा.

ऑर्डरच्या कागदावर चार गोष्टी लिहून घ्या: प्रत्येक थराचं नाव आणि जाडी मायक्रॉनमध्ये, एकूण जाडी ५० मायक्रॉनच्या वर, मायग्रेशन चाचणीचा, म्हणजे पाकिटातून अन्नात किती अंश उतरतो त्याचा, अहवाल (मर्यादा १० मिलिग्रॅम प्रति चौरस डेसिमीटर), आणि शाई आयएस १५४९५ प्रमाणे असल्याचं पत्र. ‘रिसायकलेबल’ हा शब्द लिहून देणारे पुष्कळ भेटतील. थरांची नावं लिहून देणाऱ्याकडूनच माल घ्या.