सोलर बसवताय? पॅनेलच्या मागचं स्टिकर आधी वाचा

सांगलीत विश्रामबागला आमच्या गच्चीवर सोलर बसून एक अख्खा उन्हाळा गेला, पण सबसिडीचा एक रुपया आलेला नाही. येणारही नाही, हे आता कळलंय. माझ्या वडिलांना, अण्णांना, ज्या पद्धतीने गंडवलं ती इतकी सफाईची आहे की जिल्ह्यात आणखी कुणीतरी तिला बळी पडेल. म्हणून सविस्तर लिहितोय.

आमच्याकडे महिन्याला तीनशेच्या आसपास युनिट जळतात. 100 युनिटच्या पुढे महावितरणचा दर एकदम चढतो, त्यामुळे सोलर घ्यायचा अण्णांचा विचार बरोबरच होता. 2024 पासून पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी 30,000 आणि तिसऱ्याला 18,000, म्हणजे जास्तीत जास्त 78,000 रुपये मिळतात. पाहुण्यांच्या ओळखीतून एक ठेकेदार घरी आला. "अण्णा, 1,80,000 मध्ये तीन किलोवॅट, सहा पॅनेल. 78,000 तुमच्या खात्यावर परत. कागदाचं सगळं आम्ही बघतो, तुम्ही निवांत राहा." लाइट गेली तरी घर चालू राहील, असंही त्याने छातीठोकपणे सांगितलं. माल उचलायला पैसे लागतात म्हणत पॅनेल चढवायच्या दिवशीच सगळी रक्कम घेतली.

शेजारच्या काकांकडेही सहाच पॅनेल आहेत. एप्रिलच्या कडक उन्हात त्यांच्या ॲपवर दिवसाला बारा-तेरा युनिट दिसायचे, आमच्याकडे आठ. ठेकेदाराचं उत्तर ठरलेलं: धूळ असेल, धुऊन घ्या. धुतली, तरी आठच. शेवटी मी वाकून पॅनेलच्या मागचं स्टिकर वाचलं. 335 वॅट. सहा गुणिले 335 म्हणजे जेमतेम दोन किलोवॅट. काकांची पॅनेल 540 ची, म्हणजे सहात तीन किलोवॅटच्या वर. आमच्याकडे तीन किलोवॅटचा होता तो फक्त इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा डबा, आणि त्यावरचा आकडा दाखवून त्याने तीन किलोवॅटचे पैसे घेतले. कोटेशनवर कंपनी नाही, पॅनेलचं वॅट नाही, फक्त "3 किलोवॅट सोलर सिस्टीम, सहा पॅनेल".

सबसिडीची गोष्ट याहून वाईट. तिच्यासाठी पॅनेल डीसीआर लागतात, म्हणजे आतले सेलसुद्धा भारतात बनलेले. बाहेरच्या सेलची पॅनेल स्वस्त पडतात, आणि आमच्या गच्चीवर तीच निघाली. ती विकायला बंदी नाही, पण सबसिडीची आशा लावून ती गळ्यात मारणं ही सरळ लूट आहे. त्याने व्हॉट्सॲपवर योजनेच्या सरकारी पोर्टलवरच्या अर्जाचा नंबर पाठवला होता आणि अण्णा तो नंबर जपून बसले होते. तो नुसता नोंदणीचा नंबर. तो तर कुणालाही घरबसल्या मिळतो. त्याच्या पुढे फाइल हललीच नव्हती, आणि पोर्टलवरच्या विक्रेत्यांच्या यादीत या माणसाचं नावही नव्हतं.

अर्ज पुढे गेला नाही म्हणून नेट मीटर, म्हणजे आत येणारी आणि बाहेर जाणारी वीज वेगवेगळी मोजणारं मीटर, नाही. तरी त्याने सिस्टीम चालू करून दिली. काही साधी मीटर बाहेर जाणारी वीजही वापर म्हणूनच मोजतात. आमचं मीटर त्यातलंच निघालं आणि बिल उलट वाढलं. परवानगीशिवाय अशी वीज लाइनवर सोडणं बेकायदा आहे, याची त्याला पुरेपूर कल्पना असणार. आणि लाइट गेल्यावर घर चालू राहण्याचं म्हणाल, तर बॅटरी नसलेला ऑनग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडलेला, इन्व्हर्टर लाइन बंद झाली की स्वतःहून बंद पडतो. खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ती सोय मुद्दाम केलेली असते.

एवढं होऊनही सोलर घेऊ नका असं मी म्हणणार नाही. काकांची तीन किलोवॅटची सिस्टीम महिन्याला तीनशेच्या वर युनिट देते, पावसाळ्यात कमी. स्थिर आकार सोडला तर त्यांना बिल जवळपास येत नाही, आणि त्यांचा खर्च पाचेक वर्षांत निघेल असा माझा अंदाज आहे. ज्यांचा वापर शंभर युनिटच्या आतच आहे त्यांनी मात्र घाई करू नये.

घेणार असाल तर विक्रेता पोर्टलवरच्या यादीतून निवडा. कोटेशनवर पॅनेलची कंपनी, एकेकाचं वॅट, डीसीआर आणि इन्व्हर्टरचं मॉडेल लिहून घ्या. पॅनेल गच्चीवर चढण्याआधी स्टिकरचे फोटो काढा, कारण एकदा बसल्यावर तिथे हात पोहोचणं अवघड. शेवटचा हप्ता, आणि तो छोटा नको, नेट मीटर बसल्यावरच द्या. सबसिडी थेट ग्राहकाच्या खात्यावर येते, त्यामुळे "सबसिडी आमच्याकडे जमा होईल" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. अर्जाचा लॉगिन आपल्याच मोबाइल नंबरवर ठेवा.

आम्ही इन्व्हर्टर बंद ठेवलाय. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही आणि मुदत दोन वर्षांची असते. पावती, बँकेची नोंद, व्हॉट्सॲपवरचे मेसेज, स्टिकरचे फोटो असं सगळं लावलंय. याच पद्धतीने सांगली-मिरजेत आणखी कुणी अडकलं असेल तर आपले कागद आजच एकत्र करून ठेवा.